कार्यालयातील संगणकावर आपले खासगीपण कसे जपावे

नागपुरातील सदर भागातल्या एका कार्यालयात, मे महिन्यातल्या एका दुपारी, लेखा विभागातील एका ताईंनी मला हाक मारली. कूलरच्या घरघरीत त्यांचे बोलणे ऐकू येईना, म्हणून मी खुर्ची ओढून जवळ बसलो. ‘भाऊ, माझा रिपोर्ट सगळ्यांना कसा काय माहीत झाला जी?’ एवढेच त्या म्हणाल्या आणि गप्प झाल्या. वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या देयकासाठी त्यांनी आपला तपासणी अहवाल कार्यालयातील मोठ्या झेरॉक्स यंत्रावर स्कॅन केला होता. ते यंत्र स्कॅन झालेल्या प्रत्येक कागदाची एक प्रत नेटवर्कवरील ‘स्कॅन’ नावाच्या सामायिक फोल्डरमध्ये टाकत होते, आणि तो फोल्डर तिथल्या चाळीसही संगणकांवरून उघडत होता. मी तो उघडला तेव्हा त्यात तीन वर्षांचे कागद निघाले: आधार कार्डे, रद्द केलेले धनादेश, जातीची प्रमाणपत्रे, कोणाच्या तरी मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला. कोणी मुद्दाम पाळत ठेवली नव्हती. यंत्र बसवणाऱ्याने पहिल्या दिवशी जी व्यवस्था करून दिली, तीच कोणी न तपासता पुढे चालत राहिली होती. आणि न तपासणाऱ्यांत मीही होतो, कारण ते संगणक सांभाळण्याचे काम माझ्याकडेच होते.

त्या दिवसापासून मी ज्या ज्या कार्यालयात जातो तिथे लोकांना काही गोष्टी बसून समजावून सांगतो. त्याच इथे लिहीत आहे. त्या सांगताना मी दोन-तीन ब्रिटिश विनोदी मालिकांचा आधार घेतो, कारण कार्यालय नावाची गोष्ट ब्रिटिशांनी फार बारकाईने पाहिली आहे. संगणक कार्यालयात आला तोही त्यांच्याकडेच, आणि एका चहावाल्या कंपनीमुळे आला: लंडनमध्ये चहाची उपाहारगृहे चालवणाऱ्या जे. लायन्स अँड कंपनीने ‘लिओ’ नावाचा संगणक स्वतः बांधला आणि १९५१ मध्ये त्यावर बेकरीच्या मालाचे हिशेब नियमितपणे करायला सुरुवात केली. पुढच्या पन्नास वर्षांत त्या देशातील विनोदी लेखकांनी साहेब, सचिव, कारकून आणि संगणकवाला यांच्यातील नाती जशी टिपली, तशी आपल्याकडच्या व्यवस्थापनाच्या एकाही प्रशिक्षणात मला ऐकायला मिळाली नाहीत.

यंत्र कोणाच्या ताब्यात आहे ते आधी पाहा

पहिली पायरी अशी की आपल्यासमोरचा संगणक कोण चालवतो हे स्वतः पाहून घ्यावे. विंडोजमध्ये ‘सेटिंग्ज’ उघडून ‘अकाउंट्स’मध्ये ‘ॲक्सेस वर्क ऑर स्कूल’ या ठिकाणी जा. तिथे संस्थेचे नाव जोडलेले दिसले, तर त्या संगणकावर कोणते सॉफ्टवेअर बसवायचे, कोणते काढायचे आणि कोणत्या नोंदी गोळा करायच्या हे दुरून ठरवता येते. क्रोम ब्राउझरच्या उजव्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांचा मेनू उघडला आणि त्याच्या तळाशी ‘मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन’ असे लिहिलेले आढळले, तर ब्राउझरसुद्धा संस्थेच्या नियमांनी चालतो असे समजावे.

दुसरी तपासणी बहुतेकांना ठाऊक नसते. एखादे संकेतस्थळ उघडा, पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकाला असलेल्या चिन्हावर क्लिक करा, तिथून सुरक्षा प्रमाणपत्र उघडा आणि ‘इश्यूड बाय’ या शब्दांपुढे कोणाचे नाव आहे ते वाचा. तिथे डिजिसर्ट, लेट्स एन्क्रिप्ट, गूगल ट्रस्ट सर्व्हिसेस अशी, प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थांची नावे असतील तर तुमचा मजकूर कुलूपबंद स्थितीत थेट त्या संकेतस्थळापर्यंत जात आहे. मात्र तिथे तुमच्या कंपनीचे, किंवा कार्यालयातील फायरवॉल (इंटरनेटवरील ये-जा तपासणारे यंत्र) बनवणाऱ्या कंपनीचे नाव असेल, तर ते कुलूप वाटेत उघडून, मजकूर तपासून, पुन्हा लावले जात आहे. मोठ्या कंपन्यांत विषाणू आणि माहितीची चोरी रोखण्यासाठी ही व्यवस्था सर्रास असते आणि ती बेकायदा नाही. पण तुमच्या खासगी ई-मेलचा मजकूरही त्या यंत्रातून जाऊ शकतो, हे तुम्हाला माहीत असायला हवे. अशी तपासणी नसली तरी कोणते संकेतस्थळ किती वाजता उघडले आणि किती माहिती आली-गेली, हे नेटवर्क सांभाळणाऱ्याला दिसते. तुम्ही कोणाच्या घरी गेलात हे त्याला कळते, घरात काय बोललात ते कळत नाही.

‘इन्कॉग्निटो’ खिडकीवर लोकांचा फार भरवसा असतो, आणि तो भरवसा मला रोज मोडून काढावा लागतो. त्या खिडकीचे काम इतकेच की ती बंद केल्यावर त्या संगणकावरील ब्राउझरमध्ये इतिहास आणि कुकीज उरत नाहीत. नेटवर्कवरील नोंद तशीच राहते. शिवाय काही कंपन्या संगणकावर असे सॉफ्टवेअर बसवतात की जे ठराविक वेळाने पडद्याचे चित्र घेते आणि कोणती खिडकी किती वेळ उघडी होती ते लिहून ठेवते. ते बसवले आहे की नाही, हे साध्या वापरकर्त्याला खात्रीने ओळखता येईलच असे नाही. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये ‘रिकॉल’ नावाची सोय जाहीर केली, तीही दर काही सेकंदांनी पडद्याचे चित्र साठवणारीच होती. तिच्यावर इतकी टीका झाली की वापरकर्त्याने स्वतःहून सुरू केल्याशिवाय ती चालणार नाही असा बदल कंपनीला करावा लागला. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: कार्यालयाच्या पडद्यावर जे येईल ते कोणीतरी पाहू शकते असे धरूनच चालावे, आणि बँक, दवाखाना, वकील, नवी नोकरी, घरातील भांडण यांतले काहीही त्या पडद्यावर आणू नये. त्यासाठी आपला फोन आणि आपला स्वतःचा डेटा वापरावा. कार्यालयाचे वायफाय वापरू नये.

याच ओघात एक चूक सांगतो, कारण ती मला दर महिन्याला आढळते. लोक कार्यालयाच्या संगणकावर क्रोममध्ये आपल्या खासगी जीमेलने साइन इन करतात आणि ‘सिंक’ सुरू करतात. त्या क्षणी घरच्या फोनवर साठवलेले सगळे पासवर्ड, पत्ते आणि बुकमार्क कार्यालयाच्या यंत्रावर उतरतात. बदली झाली की तो संगणक दुसऱ्याच्या टेबलावर जातो आणि पासवर्ड त्याच्यासोबत जातात. हीच गत व्हॉट्सॲप वेबची. फोनमधील व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ ही यादी आजच उघडून पाहा. ज्या संगणकाची ओळख पटत नाही तिथून लगेच लॉग आउट करा. आणि जागेवरून उठताना विंडोजची कळ आणि ‘एल’ ही कळ एकत्र दाबण्याची सवय लावून घ्या. आयटी पार्कच्या रस्त्यावर तर्री पोहे खाऊन परत यायला वीस मिनिटे लागतात, आणि तेवढ्या वेळात उघड्या संगणकावरून कोणीही तुमच्या नावाने काहीही पाठवू शकतो.

कॅमेऱ्यासमोर काम करताना

बीबीसीवर २००१ मध्ये सुरू झालेली ‘द ऑफिस’ ही रिकी जर्व्हेस आणि स्टीफन मर्चंट यांची मालिका अवघ्या चौदा भागांची आहे. लंडनजवळच्या स्लाऊ गावात कागद विकणाऱ्या एका कंपनीची शाखा आहे आणि तिथे माहितीपट बनवणारे पथक कॅमेरा घेऊन आले आहे, अशी तिची मांडणी आहे. शाखाव्यवस्थापक डेव्हिड ब्रेंट कॅमेरा दिसला की काम सोडून कामाचा देखावा करू लागतो. आपण किती लोकप्रिय आहोत, किती हुशार आहोत हे दाखवण्याच्या नादात शाखेचे काम, माणसे आणि शेवटी स्वतःची नोकरी हे सगळे त्याच्या हातून निसटते. त्याच खोलीत टिम नावाचा विक्रेता आहे. तो कॅमेऱ्याकडे नुसता एक कटाक्ष टाकतो आणि पुन्हा आपल्या फोनकडे वळतो. कार्यालयात पाळत आली की माणसांचे काय होते, हे मला ज्या ज्या वेळी समजावून सांगावे लागते, त्या वेळी मी हे दोघे डोळ्यांसमोर आणायला सांगतो.

आज आपल्या टेबलावरचा कॅमेरा म्हणजे ‘मायक्रोसॉफ्ट टीम्स’ या कार्यालयीन संवादाच्या ॲपमध्ये आपल्या नावापाशी दिसणारा हिरवा ठिपका. माउस आणि कीबोर्ड पाचेक मिनिटे हलले नाहीत की तो पिवळा होतो आणि ‘अवे’ दिसते. त्या पाच मिनिटांत तुम्ही निविदेचा साठ पानी मसुदा कागदावर वाचत असाल, एखाद्या ग्राहकाशी फोनवर बोलत असाल. ठिपक्याला ते समजत नाही. मिहानमधील एका कंपनीत मला एक तरुण भेटला. त्याने माउस आपोआप हलवत ठेवणारे छोटेसे यंत्र मागवले होते आणि ते टेबलाच्या खणात लपवले होते. असे यंत्र वापरू नये असे मी त्याला कळकळीने सांगितले आणि इथेही सांगतो. खोटी हालचाल नोंदींमध्ये ओळखू येते, कारण माणसाचा माउस कधी इतक्या सारख्या अंतराने हलत नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या बँकेने कीबोर्डची खोटी हालचाल दाखवल्याच्या कारणावरून डझनभराहून अधिक जणांना कामावरून काढले. त्या तरुणाचे काम चांगले होते. पकडला गेला असता तर चर्चा त्याच्या कामाची झाली नसती, खणातल्या यंत्राचीच झाली असती.

त्याऐवजी कामाची रोजवही ठेवावी. रोज संध्याकाळी पाच ओळी लिहाव्यात: आज कोणते काम केले, कोणाशी बोललो, काय अडले, कोणाच्या सांगण्यावरून थांबलो. ती आठवड्यातून एकदा आपल्या वरिष्ठांना ई-मेलने पाठवावी. ज्यांच्याकडे मोजण्यासाठी दुसरे काही नसते, ते ठिपके मोजतात. त्यांच्या हाती कामाची नोंद दिली की ठिपक्याचे महत्त्व कमी होते, हे मी तीन-चार ठिकाणी पाहिले आहे. मायक्रोसॉफ्टनेही २०२० मध्ये एक ‘उत्पादकता गुण’ आणला होता, त्यात कोण कर्मचारी किती दिवस ई-मेल पाठवतो हे नावानिशी दिसत होते. टीका झाल्यावर त्याच वर्षी १ डिसेंबरला त्यांनी नावे काढून टाकत असल्याचे जाहीर केले. मोजमाप कोणते असावे हे लोकांनी बोलून बदलता येते, ते असे.

आपल्या शहरात ही गोष्ट टेबलापाशी थांबलेली नाही. नागपूर महापालिकेने काही वर्षांपूर्वी सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. त्यांच्यात ऐवजदार, म्हणजे कायम नोकरी नसलेले बदली कामगारही होते, आणि त्यांच्यापैकी अनेकांचा उदरनिर्वाह रोजच्या हजेरीवर असे. घड्याळ सांगते की माणूस नेमून दिलेल्या हद्दीत आहे की नाही; रस्ता झाडला गेला की नाही, हे ते सांगू शकत नाही. वातानुकूलित खोलीत बसलेल्या आपणा संगणकवाल्यांना हिरव्या ठिपक्याचा जाच वाटत असेल, तर पंचेचाळीस अंशांच्या उन्हात सावलीला पाच मिनिटे टेकायचे की नाही याचा विचार करावा लागणाऱ्या माणसाचे काय होत असेल, हा प्रश्न मला सोडत नाही. कार्यालयात पाळतीविषयी काही मागणी करायची असेल, तर ती शिपाई, सफाई कर्मचारी आणि सुरक्षारक्षक यांना सोबत घेऊनच करावी.

यंत्राची नोंद म्हणजे पुरावा, असे गृहीत धरण्याचे परिणाम ब्रिटनने भोगले आहेत. तिथल्या टपाल कार्यालयांत १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची संगणकप्रणाली बसवली गेली. ती हिशेबात खोट्या तुटी दाखवत होती, आणि त्या आधारावर नऊशेहून अधिक उपपोस्टमास्तरांना दोषी ठरवले गेले. काहींना तुरुंगवास झाला. प्रणालीत दोष होते हे न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केले आणि २०२४ मध्ये संसदेला कायदा करून या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. ज्या मंडळींच्या हाती पैशांचा किंवा साठ्याचा हिशेब आहे, त्यांनी दिवसअखेरीचा गोषवारा छापून, तारीख घालून, सही करून आपल्याकडे ठेवावाच. संगणकात काही चूक दिसली तर तोंडी सांगून थांबू नये; त्याच दिवशी ई-मेल करावा आणि त्याची प्रत ठेवावी.

आपल्याविषयीची नस्ती मागावी कशी

‘येस मिनिस्टर’ या मालिकेतील ‘बिग ब्रदर’ हा भाग बीबीसीवर मार्च १९८० मध्ये दाखवला गेला. सर्व नागरिकांची माहिती एकाच ठिकाणी साठवणारी राष्ट्रीय संगणकीय नोंदवही तयार होत आहे, मंत्री जिम हॅकर यांना तिच्यावर नागरिकांच्या संरक्षणाची बंधने हवी आहेत, आणि सचिव सर हम्फ्री ॲपलबी यांना ती नको आहेत, असा तो विषय आहे. सचिव कोणत्या पायऱ्यांनी काम लांबवतात, हे हॅकर यांना विरोधी पक्षाच्या माजी मंत्र्याकडून कळते: आधी सरकार नवे असते, मग मार्ग बरोबर आहे का हे पाहायचे असते, मग वेळ योग्य नसते, मग तांत्रिक आणि कायदेशीर अडचणी निघतात, आणि तोवर निवडणूक येते. शेवटी हॅकर दूरचित्रवाणीवर सर्वांसमोर तारखेसह घोषणा करून टाकतात, तेव्हाच गाडी पुढे सरकते. सिव्हिल लाइन्समधील कोणत्याही कार्यालयात वर्षभर काढलेल्या माणसाला यातली एकही पायरी नवी वाटणार नाही. आणि विषय तर आपल्यासाठी आजचाच आहे.

नागपूरकरांनी अभिमानाने लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. खासगीपण हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. त्या नऊ जणांत आपल्या नागपूरचे आणि इथल्याच खंडपीठात वकिली केलेले न्यायमूर्ती शरद बोबडे होते. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि मुख्य कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. या कायद्यात कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने एक मोठी उणीव आहे, आणि ती मी स्पष्टपणे सांगतो. कलम ७ नुसार नोकरीच्या कामासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी संमतीशिवायही माहिती वापरता येते. कलम ११ मधील आपली माहिती पाहण्याचा हक्क मात्र संमती दिलेल्या ठिकाणीच चालतो. म्हणजे ज्या पाळतीसाठी तुमची संमती विचारलीच नाही, तिच्याबद्दल विचारण्याचा हक्कही हातात राहत नाही. हे अन्याय्य आहे असे माझे ठाम मत आहे.

तरीही मागणे आपल्या हाती आहे. खासगी कंपनीत असाल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ च्या नियमांचा आधार आजही घेता येतो. पासवर्ड, बँकेचे तपशील, वैद्यकीय नोंदी आणि बोटांचे ठसे यांना त्यांत संवेदनशील माहिती म्हटले आहे, ती घेण्यासाठी लेखी संमती लागते, आणि स्वतः दिलेली माहिती मागून तपासता येते. राज्य सरकारच्या कार्यालयात असाल तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो आणि धोरण, कंत्राट, कॅमेऱ्यांचे चित्रण साठवण्याचा कालावधी अशा गोष्टी विचारता येतात. अर्जात राग, आरोप, संशय काही नसावे. मी लोकांना पुढील मसुदा देतो:

‘महोदय/महोदया, माझ्या कार्यालयीन संगणकावर, ई-मेल खात्यावर आणि हजेरी यंत्रावर माझ्याविषयी कोणती माहिती नोंदली जाते, ती कोठे आणि किती काळ ठेवली जाते, आणि ती कोणकोणत्या पदावरील व्यक्तींना पाहता येते, हे कृपया लेखी कळवावे. याविषयी कार्यालयाचे काही धोरण असल्यास त्याची प्रत मिळावी, ही विनंती.’

हा कागद आवक विभागात द्यावा आणि आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्यावा. उत्तर आले नाही तर महिन्याने त्याच शिक्क्याचा उल्लेख करून स्मरणपत्र द्यावे. एकट्याने देण्यापेक्षा पाच-सहा जणांनी आपापले अर्ज एकाच दिवशी दिले तर बरे. वेल्समधील एका महाविद्यालयात काम करणाऱ्या महिलेचे फोन, ई-मेल आणि इंटरनेट यांवर तिला न सांगता नजर ठेवली गेली होती. ती थेट युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेली आणि २००७ मध्ये तिच्या बाजूने निकाल लागला. सांगितल्याशिवाय पाळत ठेवू नये, हा मुद्दा अशाच माणसांनी टिकवून धरला आहे.

फाइल पाठवण्याआधी

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरले की विधानभवनापासून जुन्या सचिवालयापर्यंत सगळ्या कार्यालयांत रात्रीचे दिवे जळतात. तारांकित प्रश्नाचे उत्तर सकाळपर्यंत हवे असते, वर्डची फाइल पेन ड्राइव्हवरून, व्हॉट्सॲपवरून चार टेबले फिरते, आणि शेवटी जशीच्या तशी पुढे जाते. त्या फाइलच्या पोटात काय काय असते, ते पाहा: ती मुळात कोणी तयार केली, शेवटचा बदल कोणी केला, एकूण किती मिनिटे संपादन चालले, खोडलेली वाक्ये, आणि समासात लिहिलेले शेरे. ‘हा आकडा देऊ नये, साहेब नाराज होतील’ असा शेरा मी स्वतः एका अंतिम समजल्या जाणाऱ्या मसुद्यात वाचला आहे. फेब्रुवारी २००३ मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांच्या कार्यालयाने इराकविषयीची एक पुस्तिका वर्डच्या फाइलच्या रूपात संकेतस्थळावर ठेवली. तिच्या पोटातील नोंदींवरून शेवटचे बदल करणाऱ्या कर्मचाऱ्यांची नावे साऱ्या जगाला कळली.

उपाय दोन मिनिटांचा आहे. वर्डमध्ये ‘फाइल’, मग ‘इन्फो’, मग ‘चेक फॉर इश्यूज’ आणि ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ निवडावे. जे जे सापडेल ते काढून टाकावे. मात्र त्याआधी मूळ फाइलची वेगळी प्रत ठेवावी, कारण काढलेले शेरे परत येत नाहीत. बाहेर जाणारा मजकूर पीडीएफ करूनच द्यावा. ई-ऑफिस या सरकारी फाइलींच्या संगणकप्रणालीत काम करणाऱ्यांनी हेही ध्यानात असू द्यावे की पिवळी टिपणी बदलता येते, पण हिरवी टिपणी एकदा पुढे गेली की तुमच्या नावासह आणि वेळेसह कायमची राहते. रात्री अकरा वाजता चिडून हिरव्या टिपणीत काही लिहू नये. छपाईबाबत सांगायचे तर अनेक रंगीत लेझर प्रिंटर प्रत्येक पानावर डोळ्यांना न दिसणारे फिके पिवळे ठिपके उमटवतात, आणि त्यांत यंत्राचा क्रमांक आणि काही वेळा तारीखवेळही सांकेतिक रूपात असते.

संगणक दुरुस्त करणाऱ्याशी कसे वागावे

‘द आयटी क्राउड’ या २००६ मध्ये सुरू झालेल्या ब्रिटिश मालिकेतील तळघरातले तंत्रज्ञ प्रत्येक फोनला ‘बंद करून पुन्हा सुरू केलात का?’ असे विचारतात. प्रश्न अगदी योग्य आहे, फक्त ‘शट डाउन’ करून भागत नाही. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’मुळे शट डाउन करताना प्रणालीचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि पुन्हा तसाच उचलला जातो, त्यामुळे बिघाडही सोबत येतो. ‘रिस्टार्ट’ हाच पर्याय निवडावा. तंत्रज्ञ दुरून तुमच्या पडद्यावर येणार असेल तर आधी बाकी सगळ्या खिडक्या बंद कराव्यात, त्याचे काम होईपर्यंत समोर बसावे, आणि आपला पासवर्ड त्याला कधीही सांगू नये. चांगल्या तंत्रज्ञाला तो लागत नाही.

बोट आणि फोन

हजेरीसाठी बोटाचा ठसा घेणारे यंत्र सहसा ठशाचे चित्र ठेवत नाही, तर त्यातील रेषांच्या खुणांचा सांकेतिक साचा ठेवते. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही. म्हणून तो साचा यंत्रातच राहतो की कोणत्या सर्व्हरवर जातो, हे विचारणे आपले काम आहे. केंद्र सरकारच्या कार्यालयांत आधारवर चालणारी हजेरी आहे. तिथे आधारचे बायोमेट्रिक कुलूप लावून ठेवले असेल तर हजेरी लागत नाही, तेव्हा दारापाशी पोहोचण्यापूर्वी ते उघडावे लागते. ब्रिटनमध्ये माहिती आयुक्तांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये क्रीडासंकुले चालवणाऱ्या एका कंपनीला दोन हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचे चेहरे आणि ठसे हजेरीसाठी वापरणे थांबवण्याचा आदेश दिला, कारण ओळखपत्रासारखा साधा पर्याय उपलब्ध होता. आपल्याकडेही ओळखपत्राचा पर्याय मागायला हरकत नाही.

खासगी फोनवर कार्यालयाचे ई-मेल घेण्याची वेळ आली तर अँड्रॉइडमधील ‘वर्क प्रोफाइल’ मागावे. त्यातील ॲपवर ब्रीफकेसचे छोटे चिन्ह असते, संस्थेचा अंमल तेवढ्याच भागावर चालतो, आणि तुमचे फोटो, संदेश, कॉल तिला दिसत नाहीत. मात्र फोनने ‘सर्व माहिती पुसण्याची’ परवानगी मागितली तर ‘ॲक्टिव्हेट’वर बोट ठेवण्याआधी थांबावे आणि संगणक विभागाला विचारावे. एका ओळखीच्या शिक्षकांच्या मुलाच्या बारशाचे सगळे फोटो अशाच एका परवानगीने गेले.

नोकरी सोडताना किंवा बदली होताना शेवटच्या आठवड्यात ही कामे क्रमाने करावीत. क्रोममधून साइन आउट करून साठवलेले पासवर्ड त्या यंत्रावरून पुसावेत. व्हॉट्सॲपची जोडणी तोडावी. ‘डाउनलोड्स’ आणि सामायिक ‘स्कॅन’ फोल्डर उघडून त्यातले आपले घरगुती कागद काढावेत; कार्यालयाच्या फाइलींना हात लावू नये, त्यांची यादी करून उत्तराधिकाऱ्याला सहीनिशी द्यावी. आपल्या रोजवहीच्या छापील प्रती सोबत घ्याव्यात, पण त्यांत ग्राहकांची किंवा नागरिकांची माहिती नाही हे तपासून. सर्वांत शेवटी हजेरी यंत्रातील आपल्या बोटांचा साचा पुसावा आणि तो पुसल्याचे लेखी कळवावे, असा दोन ओळींचा अर्ज आवक विभागात द्यावा. सदरमधील त्या ताई गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. त्यांनी हा अर्ज दिला, शिक्का घेतला, आणि तीन आठवड्यांनी आलेले उत्तर मला फोनवर वाचून दाखवले.